उपडी पाटी

डॉ. टिपणीसांनी फाइल टेबलावरून तिच्याकडे सरकवली तेव्हा सुमतीला आधी दिसलं ते एक अक्षर. इंग्रजीत टाइप केलेली सहा ओळींची यादी होती, आणि तिच्यात जिथे जिथे ‘आर’ आला होता तिथे तो ओळीच्या किंचित वर उडालेला होता, चालता चालता ठेच लागल्यासारखा. ते मशीन तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षं ती त्या ‘आर’शी भांडली होती. मेकॅनिक यायचा, दोन दिवस अक्षर सरळ बसायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा उडी. ‘हे बघा आई,’ डॉक्टर म्हणत होते. लहान मुलांचे डॉक्टर सगळ्याच बायकांना आई म्हणतात. ‘तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून काढून दाखवतोय. सहा अभ्यास आहेत. सहाच्या सहा सांगतात की तापात आकडी येणाऱ्या मुलांना हे औषध रोज दिलं तर आकड्या कमी होतात. एकही उलटा नाही. मग चार केस गळले म्हणून घाबरायचं का?’ मांडीवर चंद्रा पेंगत होती. अडीच वर्षांची पोर, सकाळी अकरा वाजता पेंगत होती. सुमतीने आणलेली कागदाची पुडी टेबलावर उघडीच होती. आठ दिवस फणीतून काढून जमवलेले केस, काळे, मऊ, पंख्याच्या वाऱ्याने हलणारे. ही यादी मी केली आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, ‘अजून किती दिवस द्यायचं?’ ‘पाच वर्षांची होईपर्यंत. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, एकदम बंद केलं की आकडी हमखास येते.’ डॉक्टरांनी फाइल मिटली. चांगला माणूस होता. कोपर भागातल्या अर्ध्या मुलांना त्यांच्याच हातची लस टोचली होती. ते फसवत नव्हते, आणि तिला हेच सर्वांत भयंकर वाटलं.

चंद्राला खांद्यावर टाकून ती कोपर रोडने घरी निघाली. पोरीचं डोकं मानेवर जड लागत होतं. हीच पोर सहा महिन्यांपूर्वी खांद्यावर टिकत नव्हती, मागे वळून वळून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘ए काका, कुठे चाललास?’ असं विचारायची. मे महिन्यात पहिली आकडी आली. भर दुपार, अंगात ताप, आणि एकदम डोळे वर गेले, ओठ जांभळे पडले, मुठी वळल्या. सासूबाईंनी नाकाशी कांदा फोडून धरला, कुणीतरी दातात चमचा घालायला धावलं, आणि सुमती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. का, ते तिला अजून सांगता येत नाही. तीन मिनिटं. सेकंदकाटा तीन वेळा वर गेला आणि तीन वेळा खाली आला. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. मग हे गुलाबी औषध आलं, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, आणि त्यानंतर आकडी आली नाही. पण त्यानंतर तापही आला नव्हता, हे तिच्याशिवाय कुणी लक्षात घेत नव्हतं. आता पोर बोलायची कमी झाली होती. बोलली तर रडून. हातात दिलेली वाटी भिंतीवर मारायची आणि मग त्या आवाजाला स्वतःच दचकायची. ‘वाढती पोरं हट्टी होतात,’ सासूबाई म्हणायच्या. ‘आकडीपेक्षा बरं,’ तिचा नवरा मारुती म्हणायचा. दोघांचंही बरोबर असू शकत होतं. सुमतीला रात्रंदिवस छळायचं ते हेच, की कुणाचंही बरोबर असू शकत होतं.

लग्नाआधी आणि लग्नानंतर काही महिने ती वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीच्या लायब्ररीत होती. बाळकुमच्या कोळीवाड्यातली पहिली बी.एस्सी. मुलगी, आणि टेबलावर स्वतःचा टाइपरायटर. परदेशी मासिकांच्या याद्या यायच्या. त्यातून आपल्या कंपनीच्या औषधांवरचे अभ्यास शोधायचे, प्रत्येकाचं एक कार्ड करायचं, आणि ज्यांची मासिकं येत नसत त्या लेखकांना छापील पोस्टकार्ड धाडायचं, ‘कृपया आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी.’ ती कार्डं लिहायला तिला फार आवडायचं. खाली ‘सुमती भोईर, ठाणे, इंडिया’ अशी सही करायची, आणि दोन-तीन महिन्यांनी कुठून कुठून जाड पाकिटं यायची. ती तिकिटं वाफेवर सोडवून एका वहीत चिकटवायची. एके दिवशी रेगेसाहेबांनी बोलावलं. ‘या औषधावर काय काय आहे आपल्याकडे?’ चौदा कार्डं निघाली. साहेबांनी ती पत्त्यांसारखी हातात धरली आणि टेबलावर दोन ढीग केले, सहाचा आणि आठचा. ‘या सहांची यादी टाइप कर. आपली विक्रीवर फिरणारी मुलं डॉक्टरांना नेऊन देतील.’ ‘आणि हे आठ, सर?’ ‘त्यात काही निघालेलं नाही. फरक नाही, फरक नाही, हेच. डॉक्टरांना वेळ कुठे असतो, सुमती? आपण निवडून द्यायचं. घरी तांदूळ निवडत नाहीस?’ ती हसली होती. आता चालता चालता ते हसू तिला आठवलं, अगदी गालात कुठे खळी पडली तेही, आणि तिला ते पुसून टाकावंसं वाटलं. तांदळातून खडे काढतात. त्या आठांना खडे कुणी ठरवलं होतं? तिने तर ते वाचलेही होते. एकात लिहिलं होतं की औषध घेणारी मुलं सुस्त आणि चिडखोर झाली, म्हणून एक तृतीयांश आईबापांनी ते मधेच सोडलं. हे वाक्य तिने तेव्हा वाचलं होतं. पण तेव्हा मुलं म्हणजे एक आकडा होता.

आणि एक पत्र. घराचं दार उघडताना तिला ते आठवलं, आणि किल्ली कुलुपात तशीच राहिली. कुणा परदेशी डॉक्टरचं पत्र होतं. एका परिषदेच्या यादीत नाव बघून तिने धाडलेल्या पोस्टकार्डाला त्याने लेखाऐवजी दोन टाइप केलेली पानं पाठवली होती. ‘आम्ही हा अभ्यास पूर्ण केला, परंतु फरक न आढळल्याने कुठल्याही मासिकाने तो घेतला नाही. आपल्या उपयोगी पडेल म्हणून आकडे पाठवत आहे.’ छापलेला लेख नाही, तर कार्ड कसलं करायचं? तिने ती पानं ‘इतर’ नावाच्या फाइलीत सारली होती. पाकिटावरचं तिकीट मात्र जपून सोडवलं होतं. पलंगाखालच्या ट्रंकेतून वही काढून तिने पानं उलटली. तिकीट तिथे होतं. लांब चोचीचा एक पांढरा पक्षी, पाण्यात एका पायावर उभा. त्या माणसाचं नाव तिला आठवेना. पक्षी जपून ठेवला होता.

त्या संध्याकाळी चमच्यात गुलाबी औषध ओतून ती मोरीशी उभी राहिली. चमचा काठोकाठ भरला होता, कडेचा थेंब मनगटावर ओघळला, चिकट, गोडसर वासाचा. मारुती पहिली पाळी करून आला होता, दारात चपला काढत होता. ‘सुमे, काय करतेस?’ ‘काही नाही.’ ‘मोरीत ओतणार होतीस.’ तिने मनगट पदराला पुसलं. ‘डॉक्टर मोठा की तू? बी.एस्सी. झालीस म्हणजे डॉक्टर नाही झालीस. पोरगी निळी पडली होती, मी बघितलीय. तुला ते पुन्हा बघायचंय?’ ‘मला खरं काय ते बघायचंय.’ ‘खरं तेच ना, की फिट बंद झाली!’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘दे गो, दे. पोरीला उपाशी ठेवशील एक वेळ, औषध नको चुकवू.’ तिने चंद्राचं नाक दाबलं, तोंड उघडलं, चमचा रिकामा केला. पोरीने गिळलं आणि तिच्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. तिची आई मनुबाई ओट्यावर जवळ्याची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. खाडीत मासळी राहिली नव्हती, पण बाजार तिने सोडला नव्हता. घाऊक बाजारातून सुकी मासळी आणायची आणि वाटे लावून विकायची. ‘पोर सुकली गो,’ मनुबाई नातीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, आणि हाताला आलेले केस तिने पदराच्या गाठीत बांधले. सुमती मग सगळं बोलली. सहा, आठ, पत्र, फाइल. मनुबाईला त्यातलं निम्मं कळलं नसावं, पण ती हसली. ‘मंजे वरचा थर दाखवलास!’ लहानपणी सुमती तिच्याबरोबर बाजारात जायची. व्यापारी पाट्या मांडून बसायचे. वर मोठे, चकचकीत सोडे, खाली काय असेल ते असेल. पण तिथे बायकांचा एक रिवाज होता. मनात शंका आली तर पाटी उपडी करायची. गोणपाटावर सगळा माल ओतायचा, चुरा, वाळू, शेपट्या, सगळं. व्यापारी अडवू शकत नसे. फक्त उपडी केलेली पाटी घ्यावीच लागायची. म्हणून बायका शंभर वेळा वास घ्यायच्या, हात खुपसून बघायच्या, आणि बहुतेक जणी वरचा थर बघूनच पुढे जायच्या. ‘आये, तू किती वेळा उपडी केलीस?’ ‘लय नाय. भ्या वाटतं ना. उबडी केली का ती तुजी. मंग नको बोलाचं नाय.’ मनुबाईने जवळ्यातला एक बारीक खेकडा उचलून बाजूला टाकला. ‘पन न करता घेतली तरी ती तुजीच असतं गो, घरी गेल्यावर कलतं.’

पोरीला तिच्यापाशी ठेवून सुमती वागळे इस्टेटला गेली. लायब्ररीत शीलाताई होत्या, तिच्या वेळच्या वरिष्ठ. चष्मा जाड झाला होता, रेगेसाहेब कंपनी सोडून गेले होते, टाइपरायटर तोच होता. सुमतीने औषधाचं नाव सांगितलं तेव्हा शीलाताईंनी मान वर केली. ‘अगं, यावर आता कुणी विचारत नाही. का गं?’ ‘चंद्रा घेते.’ शीलाताईंनी हातातलं काम बाजूला सारलं. मग त्यांनी कार्डांचा खण ओढला. चौदाच्या चौदा होती. आठांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता, तिचाच, ‘घेऊ नये’ असा. ‘तू आणखी एक वाच,’ असं म्हणून शीलाताईंनी मासिकांच्या ताज्या गठ्ठ्यातून एक अंक काढला. ‘हल्ली असं निघायला लागलंय. हे लोक नवा अभ्यास करत नाहीत, झालेले सगळे गोळा करतात.’

सुमती खिडकीशी बसली. तिला सवय होती ती सारांश वाचून कार्ड करण्याची. या लेखाची पहिली दोन पानं निराळीच होती. कुठे कुठे शोधलं, कोणत्या वर्षांपासून, कोणत्या भाषांत. कुणाकुणाला पत्रं लिहिली. कोणते अभ्यास घेतले आणि कोणते टाकले. आणि टाकले ते का टाकले. त्या शेवटच्या शब्दांवर तिचं बोट थांबलं. टाकण्याचं कारण लिहून ठेवायचं असतं, हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. पुढच्या पानावर एक आकृती होती. मधे एक उभी रेघ, आणि तिच्या आजूबाजूला एकाखाली एक आडव्या रेघा, काही आखूड, काही लांबच लांब. ‘उभी रेघ म्हणजे औषध दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच,’ शीलाताई तिच्या खांद्यावरून बोट ठेवत म्हणाल्या. ‘प्रत्येक आडवी रेघ एक अभ्यास. पूर्ण डावीकडे पडली तर औषधाचा उपयोग आहे. उभीला ओलांडून गेली तर सांगता येत नाही.’ ‘आणि ही एवढी लांब?’ ‘ती लहान अभ्यासाची. मुलं थोडी, म्हणून खात्री थोडी.’ सुमतीला उगीचच बाप आठवला, सटकलेला मासा दाखवताना दोन्ही हात फाकवणारा. जितके हात लांब तितका भरवसा कमी. तिने मोजलं. सतरा रेघा. तिचे सहा तिने लगेच ओळखले, सगळे डावीकडे, बहुतेक लांब रेघांचे. आणि ते आठ उभ्या रेघेला बिलगून किंवा ओलांडून. दोन तिला कधी सापडलेच नव्हते. उरलेला एक. त्याच्यापुढे नाव होतं आणि कंसात ‘अप्रकाशित, पत्राद्वारे’. नाव वाचताच आठवलं. पांढऱ्या पक्ष्याचा माणूस. त्याने यांनाही ती दोन पानं पाठवली होती, आणि यांनी ती ‘इतर’मध्ये सारली नव्हती. त्याची रेघ सगळ्यांत आखूड होती. इतकी मुलं त्याने तपासली होती, आणि ती बरोबर उभ्या रेघेवर बसली होती, तराजूच्या काट्यासारखी. सगळ्यात खाली, सगळं मिळून, शंकरपाळ्यासारखी एक आकृती. शंकरपाळं उभ्या रेघेला टेकलं होतं. म्हणजे सगळी पाटी ओतल्यावर हाताला लागलं ते एवढंच, की फार फरक नाही. खाली त्रासांचा एक तक्ता होता. सुस्ती. चिडचिड. केस गळणे. तिने पर्स उघडली, पुडी तिथे होती का ते पाहिलं, आणि पर्स मिटली.

‘शीलाताई, मी तेव्हा नाही म्हणाले असते तर?’ ‘तर मी टाइप केली असती,’ शीलाताई म्हणाल्या. ‘ऊठ, मशीन रिकामं आहे.’

दोन दिवसांनी तिने डॉ. टिपणीसांपुढे दुसरी यादी ठेवली. सतरा ओळी, ‘आर’ उडालेला. शेजारी लेखाची झेरॉक्स. ‘तुमच्या फाइलमधली यादी काढाल का?’ त्यांनी काढली. दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले आणि तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ‘हे एकाच मशीनवर...’ ‘मीच केलं होतं, डॉक्टर. दोन्ही.’ त्यांचा चेहरा आधी तांबडा झाला. ‘काय बोलताय काय तुम्ही! सहा महिने माझ्यापुढे बसताय...’ मग ते थांबले. त्यांनी चष्मा काढून लेख वाचायला घेतला. बाहेर कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला, पुन्हा पुकारला. ‘मी या सहा ओळींपाशी थांबलो,’ डॉक्टर हळू म्हणाले. ‘बाकीचे कुठे आहेत, हे विचारलंच नाही. चाळीसेक मुलांना दिलंय हे.’ मग ते डॉक्टरांसारखे बोलू लागले. एकदम बंद नाही, दर आठवड्याला थोडं कमी. ताप आला की काय करायचं, आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांवर गेली तर उचलून इथे आणायचं. ‘आणि आकडी पुन्हा आली तर?’ ‘येऊ शकते. शंभरातल्या तिसेक मुलांना येते, औषध घेऊन आणि न घेऊनही जवळपास तितक्याच. तुमची त्या तीसमधली का सत्तरमधली, ते हा कागद सांगत नाही.’ त्यांनी एक कोरी वही काढली. ‘ज्यांचं बंद करतोय त्यांचं मी लिहून ठेवणार आहे. पहिलं नाव चंद्राचं. आली तर कळवायची. नाही आली तरी कळवायचं.’

पाच आठवड्यांत बाटली संपली. चंद्रा खिडकीत उभी राहून रस्त्यावर ओरडू लागली. ‘ए काका!’ हा पहिला हाकारा ऐकून सासूबाईसुद्धा ओट्यापाशी डोळे पुसत हसल्या. फणीला केस येईनासे झाले. सुमती मात्र पोरीच्या कपाळावर दिवसातून वीस वेळा हात ठेवायची, इतका, की पोर तो झटकून टाकायची. मारुती फक्त बघत होता, आणि त्याचं बघणं तिच्या पाठीवर ऊन पडावं तसं पडून असायचं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी चंद्राचं कपाळ हाताला भाजलं. तिने कपडे सैल केले, ओली पट्टी फिरवली, तापाचं औषध पाजलं, आणि तरी डोळे वर गेले. सासूबाई कांदा घेऊन धावल्या. ‘नको, आई. बाजूला व्हा. कुशीवर वळवू द्या.’ तिने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. हाताखाली लहानसं अंग आपटत होतं आणि तिला सतरा रेघा आठवत होत्या, त्यातली एकही रेघ या खोलीतून जात नव्हती. दीड मिनिट. मुठी सुटल्या. चंद्राने एक लांब श्वास घेतला आणि झोपली, ओठ पुन्हा गुलाबी. ‘बघ! औषध बंद केलंस ना! तुज्या कागदांनी केलं हे,’ सासूबाई रडत होत्या. उत्तर होतं. औषध असतं तरी आली असती कदाचित. पण ‘कदाचित’ हा शब्द तिला त्या म्हातारीच्या तोंडावर टाकता येईना. तो शंभरांसाठी होता, एकीसाठी नव्हता.

चार वाजता चंद्रा उठली, ताप उतरला होता, तिने पाणी मागितलं आणि वाटीही सरळ परत दिली. तेव्हा सुमतीच्या मनात तो विचार आला, इतक्या साळसूदपणे, की क्षणभर तिला तो स्वतःचा वाटला नाही. नाही सांगितलं तर? दीड मिनिटाची. एवढीशी. सांगितलं तर डॉक्टर बिचकतील. वहीतलं पहिलंच नाव, आणि पहिल्याच नावापुढे आकडी. उरलेल्या चाळीस पोरांचं औषध कमी करताना हात थांबेल त्यांचा. चाळीस पेंगणाऱ्या पोरांसाठी एक ओळ गाळली तर काय बिघडलं? तिने आवाज ओळखला. रेगेसाहेबांचा नव्हता. तिचाच होता, टाइपरायटरवर बसलेल्या, गालाला खळी पडणाऱ्या मुलीचा.

तिने पोरीला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या. मारुती पाळीवरून येत होता, जिन्यातच भेटला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ओळखलं. ‘आली ना?’ ‘आली. दीड मिनिट.’ ‘आणि आता कुठे? पुन्हा औषध चालू करायला?’ ‘सांगायला.’ ‘तो विचारतोय का तुला? बरी झाली ना पोर?’ ‘विचारलं नाही तरी,’ ती म्हणाली आणि पुढे उतरली. दोन पायऱ्यांनंतर त्याच्या पावलांचा आवाज मागून येऊ लागला. तिने वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायला वेळ लागला. डॉक्टरांनी वही उघडली, पहिलं पान, पहिलं नाव, पुढे कोरी जागा. ‘काही नाही ना?’ त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात ‘नाही’ ऐकायची इतकी इच्छा होती, की तिला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही.

‘तारीख लिहा,’ सुमती म्हणाली. ‘दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. औषध चालू नसताना.’

कडेवरून चंद्रा वाकून वहीत बघत होती. तिने डॉक्टरांच्या पेनाला हात घातला आणि मोठ्याने विचारलं, ‘ए काका, काय लिहितोस?’